‘फुल इन्शुरन्स’वाला तो मेसेज पुढे पाठवू नका

पावसाळा तोंडावर आला की सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. ‘फुल इन्शुरन्स असेल तर पाण्यात गेलेल्या गाडीचा पैसा न् पैसा कंपनी देते. झाड पडलं तर मात्र दैवी आपत्ती, काही मिळत नाही. थर्ड पार्टीचे पैसे फुकट जातात. गाडी चोरीला गेली तर शोरूमची किंमत मिळते.’ यातलं एकही वाक्य धड नाही, आणि पहिल्यावर विसंबणाऱ्याच्या अंगावर इंजिनचा अख्खा खर्च येतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

आधी पाणी. ‘फुल इन्शुरन्स’ म्हणजे दोन भाग: ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर, आणि थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचं. पूर आणि वादळ ओन डॅमेज कव्हरमध्ये आहेत, हे खरं. बिल्डिंगखाली उभ्या गाडीत पाणी शिरलं, तर सीट, कार्पेट, वायरिंग, साफसफाई यांचा क्लेम लागतो. पण मुंबईत मिलन सबवेत किंवा हिंदमाताला, अशा पाणी तुंबणाऱ्या जागी गाडी बंद पडते, मागून हॉर्न वाजायला लागतात आणि आपण घाबरून पुन्हा स्टार्टर मारतो, तिथे सगळं फिरतं. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉकच फुटतो. नुकसान तपासायला विमा कंपनीने नेमलेला सर्व्हेअर इंजिन उघडून बघतो आणि लिहितो, हे नुकसान पुराने थेट झालेलं नाही, नंतर गाडी सुरू केल्यामुळे झालं. साध्या पॉलिसीत असं ओघाने आलेलं नुकसान वगळलेलं असतं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं ॲड-ऑन, म्हणजे जादा प्रीमियम भरून मिळणारं कव्हर, घ्यावं लागतं आणि ते सहसा पॉलिसी घेताना किंवा रिन्यू करतानाच मिळतं. हिंदमाताला पाणी भरल्यावर एजंटला फोन करून उपयोग नाही. ॲड-ऑन असो वा नसो, पाण्यात बंद पडलेली गाडी सुरू करू नका. पाणी कुठवर आलंय ते दिसेल असा फोटो काढा, कंपनीला कळवा आणि गाडी टो करून न्या.

‘पैसा न् पैसा’ तर इतर नुकसानीतही मिळत नाही. समजा साडेतीन वर्षांची, १२०० सीसीची गाडी ठोकली. बंपर ६,००० चा, दरवाजा १०,००० चा, पुढची काच ७,००० ची. भाग जुना झाला म्हणून कंपनी त्याच्या किमतीतून काही टक्के कापते, तो घसारा. प्लास्टिकवर तो ५० टक्के, म्हणजे बंपरचे ३,००० मिळणार. या वयाच्या गाडीच्या पत्र्यावर २५ टक्के, म्हणून दरवाजाचे ७,५००. काचेवर घसारा नाही, ७,००० पूर्ण. झाले १७,५००. त्यातून १,००० ची सक्तीची वजावट, म्हणजे क्लेममधला आपणच सोसायचा ठरलेला भाग. हातात १६,५००, आणि २३,००० पैकी ६,५०० आपल्या खिशातून. झिरो डेप नावाचं ॲड-ऑन घेतलं तर घसाऱ्याची ही कात्री टळते, वजावट तरीही राहते.

झाडाचं उलटंच आहे. दादर-माटुंग्याच्या जुन्या गल्ल्यांत दर पावसाळ्यात झाडं उभ्या गाड्यांवर कोसळतात. ओन डॅमेज असेल तर हा क्लेम मिळतो. वादळ, वीज, भूकंप, दरड ही नावं पॉलिसीतच छापलेली आहेत. फक्त थर्ड पार्टी असेल तर विमा कंपनीकडून काहीही मिळत नाही. या मेसेजमुळे हक्काचा क्लेम न करता पदरचे पैसे भरणाऱ्यांची मला खरंच काळजी वाटते.

आणि थर्ड पार्टी फुकट? आपल्या गाडीखाली कुणी दगावलं तर भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं, तिला ठरावीक कमाल मर्यादा नाही. आकडा सहज लाखांत जातो. तो भरते थर्ड पार्टी पॉलिसी. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान साडेसात लाखांपर्यंत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ ने हा विमा सक्तीचा केलाय तो समोरच्या माणसासाठी, ज्याची काही चूक नसते. आपल्या गाडीला मात्र त्यातून एक रुपया येत नाही. सोबत मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हर असतं, तेही मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी. हॉस्पिटलचं बिल त्यात बसत नाही, त्याला मेडिक्लेमच लागतो.

चोरीचं थोडक्यात. मिळते ती आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत लिहिलेली गाडीची घसारा वजा किंमत. तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के घसारा धरतात. एक्स-शोरूम १० लाखांच्या गाडीचे ६ लाख. आरटीओचा टॅक्स त्यात धरत नाहीत. बिलाइतकी रक्कम हवी असेल तर रिटर्न टू इन्व्हॉइस ॲड-ऑन आहे, पण ते गाडी नवी असतानाच मिळतं. काही एजंट प्रीमियम कमी दिसावा म्हणून आयडीव्ही खाली आणतात, म्हणून रिन्यूअलच्या कागदावर आधी तो आकडा बघा आणि मग इंजिन प्रोटेक्ट आहे का ते शोधा.