एमडीविषयीचा तो संदेश आणि वस्तुस्थिती

नवरात्र जवळ आले की बडोद्यातल्या दांडिया बाजार आणि रावपुऱ्याकडच्या मराठी घरांच्या व्हॉट्सॲप गटांवर एमडी, म्हणजे मेफेड्रोन, या अमली पदार्थाविषयी सावधगिरीचा एक संदेश फिरू लागतो. त्यात तीन गोष्टी ठासून सांगितलेल्या असतात: हे विष परदेशातून येते, ते घेणारा नरभक्षक होतो, आणि कुणी घेतलेच, तर दवाखान्यात न नेता लिंबूपाणी पाजून, पांघरूण घालून झोपवावे, नाहीतर पोलीस केस होते. हेतू चांगलाच असेल, पण तिसरा सल्ला जिवावर बेतणारा आहे.

परदेशातून येते म्हणावे, तर ऑगस्ट 2022मध्ये गुजरात एटीएसने (दहशतवादविरोधी पथकाने) सुमारे 225 किलो मेफेड्रोन पकडले ते आपल्याच बडोदा जिल्ह्यात, सावली तालुक्यातल्या मोक्सी गावाजवळ.

नरभक्षकाची कथा मे 2012मध्ये अमेरिकेतल्या मायामीत एकाने दुसऱ्याच्या चेहऱ्याचे लचके तोडले, त्या हल्ल्यावरून निघाली. तेव्हा संशय ‘बाथ सॉल्ट्स’ नावाने विकल्या जाणाऱ्या याच कुळातल्या पदार्थांवर घेतला गेला. तपासणीत मात्र हल्लेखोराच्या शरीरात गांजाचाच अंश सापडला. खरी लक्षणे वेगळी आहेत: रात्र-रात्र जागरण, मेलेली भूक, आवळलेला जबडा, कुणीतरी पाळतीवर असल्याचा संशय. मुलगा माणसे खातो का, हे पाहत बसलेल्या आईवडिलांच्या नजरेतून नेमकी हीच सुटतात.

आता लिंबूपाणी. रक्तात भिनलेले मेफेड्रोन लिंबाने उतरत नाही, आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाला काहीही पाजले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते. पांघरूण त्याहून वाईट, कारण या पदार्थाने नाडी धावते आणि शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत चढू शकते; अशा वेळी अंग थंड करायचे असते. यावर विशिष्ट उतारा नाही. रुग्णालयात शामक औषधे देऊन, ताप उतरवून रुग्णाला सांभाळतात. लघवीच्या नेहमीच्या तपासणी-पट्टीत मेफेड्रोन बहुधा दिसतही नाही, म्हणून डॉक्टरांपासून लपवणे सर्वांत महागात पडते. पोलिसांची भीती निराधार नाही, कारण एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात सेवन हाही गुन्हा आहे. परंतु त्याच कायद्याच्या कलम 64-अ (64A) नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा (मेफेड्रोनसाठी 2 ग्रॅमपर्यंत) आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेऊ लागला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार मात्र पुरे करावे लागतात. तेव्हा 108ला फोन करावा, आणि काय घेतले, किती वाजता घेतले हे सांगून उरलेली पुडी डॉक्टरांना दाखवावी.