कसला नवस आहे हो?

पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या 103 पायऱ्या. रोज सकाळी चार फेऱ्या, त्यातली शेवटची पळत, हा माझा माज. गेल्या मे महिन्यात असाच धापा टाकत वर पोहोचलो आणि कठड्याला टेकून मोबाइलवर किती मिनिटं लागली ते बघत उभा राहिलो. आधी कानात शिटी वाजली, मग डोळ्यांपुढे अंधारी आली. रोज भेटणाऱ्या एका आजोबांनी दंडाला धरून आडवं केलं, पाय उचलून वरच्या पायरीवर ठेवले आणि म्हणाले, "तो मोबाइल ठेवा आधी खिशात!"

झालं होतं एवढंच. पळताना पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पोटऱ्या दर पावलाला आवळून रक्त वर हृदयाकडे ढकलत असतात. आपण एकदम थांबलो की ढकलणारं कुणी उरत नाही, वाहिन्या मात्र तशाच रुंद. रक्त पायात साठतं, बीपी घसरतं, डोक्याला कमी पडतं. पाच-दहा मिनिटं रमतगमत चालत राहिलं असतं, म्हणजे ज्याला कूल डाउन म्हणतात ते केलं असतं, तर काही झालं नसतं. (घरी आल्या आल्या कढत पाण्याने अंघोळ करणाऱ्यांनीही जरा दम धरावा, कारण तेच.)

माझा राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीवर. जिममध्ये सांगतात, "कूल डाउन करा, नाहीतर लॅक्टिक अ‍ॅसिड साठून उद्या पाय धरतील." अहो, व्यायामात स्नायूंत तयार होणारं ते अ‍ॅसिड साधारण तासाभरात आपोआप उतरतं! रविवारी सिंहगड केला की सोमवारी-मंगळवारी जिना उतरताना मांड्या बोंबलतात, त्या स्नायूंना झालेल्या बारीक इजेमुळे. त्यातही चढण्यापेक्षा गड उतरणं जास्त भोवतं, कारण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन तोलत असतो. तुम्ही पायथ्याच्या आतकरवाडीत पोहोचून कितीही स्ट्रेचिंग करा, या दुखण्यात फारसा फरक पडत नाही. मग लोक म्हणतात, "केलं की कूल डाउन, तरी दुखलंच," आणि ज्यासाठी ते खरंच लागतं त्यासाठीही सोडून देतात. गडावर तर काय, शेवटचा चढ दणादण मारायचा आणि थेट दह्याच्या मडक्यापुढे बसकण!

मी आता वर पोहोचलो की देवदेवेश्वराच्या मंदिराभोवती सावकाश फेऱ्या मारतो, श्वास ताळ्यावर येऊन नीट बोलता येईपर्यंत. परवा एका काकूंनी थांबवून हळूच विचारलं, "कसला नवस आहे हो?"