माप घेऊ नका, पैसेवारी काढा

बायांनो, सगळ्यात पहिले घरातला टेप लपवून ठेवा. शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधे बॉबिन, खडू अन् तुटक्या बटणांच्या खाली असेल, तिथंच राहू द्या. ब्रा घ्यायच्या आधी माप घ्यावं असं जी बाई सांगते ती शहरातली असते, तिच्या दुकानात ट्रायल रूम असते आणि त्या ट्रायल रूमला आतून कडीसुद्धा असते. आपल्याकडं माप ब्लाऊजचं असते. ब्लाऊज शिवणारी ताई वहीत छाती, कंबर, मुंढा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा, कटोरीचे टक सगळं लिहून ठेवते, अर्धा इंच इकडचा तिकडं झाला तर आपण तिच्याशी दोन सण बोलत नाही. आणि त्या ब्लाऊजच्या आत जे घालायचं, ज्याच्यावर त्या कटोरीची सगळी इज्जत टिकून आहे, ते मात्र अंदाजपंचे. असंच चालत आलं आहे, तुम्ही त्यात नवीन फाटे फोडू नका.

दुकान कोणतं निवडायचं ते ऐका. आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याला जा आणि जिथं बांगड्या, टिकल्या, फॉल, अस्तर, गंगावन आणि लहान पोट्ट्यांचे गॉगल एकाच काउंटरवर मिळतात तिथं घुसा. काउंटरच्या मागं भाऊ असतात, भाऊच असतात, वहिनी दुकानात बसत असल्या तर त्या नेमक्या जेवायला गेलेल्या असतात. पहिले टिकलीचं पाकीट मागा. मग सेफ्टी पिना, त्या तशाही पुढं लागणारच आहेत. मग बाजूचा माणूस निघून जाईपर्यंत रबरबँड पाहत उभ्या रहा आणि आवाज पोटात घालून म्हणा, "भाऊ, ते दाखवा ना." भाऊंना समजते. भाऊ संस्कारी आहेत, ते खांद्याच्या खाली पाहत नाहीत, ते फक्त तुमच्या चेहऱ्याकडं पाहतात अन् सांगतात, "छत्तीस."

चेहऱ्यावरून छत्तीस! कापूस घेऊन खरेदी केंद्रावर गेलं तर ग्रेडर गाडीत हात घालतो, मूठभर कापूस काढतो, धाग्याची लांबी पाहतो, ओल मोजायचं मशीन खुपसतो, ओल ८ टक्क्यांच्या वर गेली की भाव कापतो आणि १२ च्या वर गेली की गाडी परत. कापसाची एवढी चौकशी होते कारण तिथं समोरच्याला पैसे द्यायचे असतात. तुम्ही तर घेऊन आल्या आहात, तुमची कशाला करायची.

रंगांत निवड भरपूर आहे, काळा, पांढरा आणि स्किन. आमच्या गावात त्या स्किनची एकही बाई अजून सापडलेली नाही. कप कोणता ते विचारायचं नाही, विचारलं तर भाऊ म्हणतात, "ताई, कप-बिप काही नसते, कंपनीचा माल आहे, घातला की बसते." वर भिंतीवर पाटी असतेच, आतले कपडे बदलून मिळणार नाहीत. म्हणजे घालून पाहता येत नाही, घातल्यावर परत करता येत नाही, आणि बसली नाही तर दोष कोणाचा हे पाटी लिहिणाऱ्यानं आधीच ठरवून ठेवलं आहे. काळ्या पन्नीत गुंडाळून मिळते ती घ्या आणि वांग्यांच्या खाली दाबून घरी आणा.

आता पुढचं वाचा आणि लगेच विसरून जा, कारण हे एकदा समजलं की सुख संपलं. टेप छातीच्या खाली बरगड्यांवर सरळ अन् घट्ट धरायचा, जो आकडा येतो तो बेल्टचा नंबर. मग छाती जिथं सगळ्यात भरलेली आहे तिथून सैलसर माप. दोन्हींतला फरक १ इंच तर ए, २ तर बी, ३ तर सी, ४ तर डी. समजा ब्लाऊज छत्तीसचा आहे, म्हणजे छाती ३६, आणि खालचं माप आलं ३२. फरक ४, नंबर झाला ३२ डी. डी म्हटल्यावर आपल्या बायका असं तोंड करतात जसं पोराच्या गुणपत्रिकेत आला. तर अशा बाईला भाऊ देतात ३६ बी, आणि गंमत अशी की ३२ डी, ३४ सी अन् ३६ बी या तिन्हींच्या वाटीत सारखंच मावते, म्हणून समोरून पाहिलं तर सगळं ठीकठाक. मागचा बेल्ट चार इंच ढिला. वजन पेलायचं काम खरं म्हणजे त्या बेल्टचं आहे, तो ढिला असला की पाठीवर चढत चढत मानेकडं निघतो आणि सगळा भार येतो खांद्यावरच्या बोटभर पट्ट्यांवर. याला उपाय एकच, पट्टे आवळा. अजून आवळा. खांद्याला खाचा पडल्या, मान दुखायला लागली की डॉक्टरकडं जा, तो कॅल्शियमच्या गोळ्या लिहून देईल आणि तुम्हाला वाटेल वय झालं.

नवीन असताना ती सगळ्यात बाहेरच्या हुकावर लावायची असते, म्हणजे इलॅस्टिक जसजसं ढिलं पडेल तसतसं आत सरकता येते, हे पण कोणी सांगत नाही. सांगायची गरजही नाही, आपली पहिल्या दिवसापासून सगळ्यात आतल्या हुकावरच असते.

आणि एवढं सगळं अंगावर घेऊन वेचणीला जा. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, दोन्ही हात बोंडांत, कमरेला ओटा बांधलेला, अशात पट्टा घसरतो, तो वर करायला हात गेला की तेवढा कापूस बाजूची वेचून घेते. दिवसभरात किती वेळा घसरते आणि त्याचा किती किलो कापूस होते याचा हिशोब कोणत्याच खात्यानं लावलेला नाही. तो कापूस जिनिंगला जाते, सरकी वेगळी, रुई वेगळी, गाठी बांधून ट्रक भरून निघून जाते. परत आपल्याकडं येते ते पॉलिएस्टर, आत फोमच्या वाट्या, मे महिन्यात ४५ डिग्रीत घालायला. साध्या सुती कपड्याची मागा म्हटलं तर भाऊ म्हणतात, "ताई, कॉटन आता कोणी घालत नाही." कापसाच्या जिल्ह्यात उभं राहून म्हणतात हे.

आता नवऱ्याकडं येऊ. माझा सल्ला असा की नवरा विनोदीच करावा, फक्त त्याचा विनोद कोणाला कळणारा नसावा, म्हणजे घराची अब्रू राहते. आमच्याकडचे विनोद करताना हसत नाहीत. चेहरा असा की आता हा माणूस कर्जमाफीच्या यादीबद्दल बोलणार. एकदा मी कपाट आवरायला काढलं, पलंगावर सगळ्या जुन्या ब्रा पसरल्या, कोणाचं हुक गेलेलं, कोणाची तार बाहेर आलेली, हे दारात येऊन उभे राहिले, हात मागे बांधले, तलाठ्यासारखी एक नजर फिरवली अन् म्हणाले, "नजरअंदाज पैसेवारी ४८ पैसे."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पैसेवारी म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, ती ५० पैशांच्या आत आली तर दुष्काळाच्या सवलती लागतात, वर गेली की काही नाही, आणि सप्टेंबरमधे नजरअंदाज निघते, मग सुधारित, डिसेंबर संपता संपता अंतिम. मी म्हटलं, दुष्काळ आहे ना मग, काढा पैसे. तर म्हणते कसा माणूस, "अंतिम येऊ दे. मंग केंद्राचं पथक येईन, पाहणी करीन, अहवाल जाईन." पथक येते तोवर वावरात पीक उरत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे, ह्यांनाही माहीत आहे, तोच विनोद आहे म्हणे.

अशा माणसाला ज्ञान देऊ नये. मी एकदा सांगायला गेली की पाहा, मेरी फेल्प्स जेकब नावाच्या अमेरिकेतल्या बाईनं दोन रेशमी दस्त्या, म्हणजे रुमाल, अन् रिबन जोडून घरच्या घरी ब्रा तयार केली, १९१४ ला तिला पेटंट मिळालं आणि ते तिनं पुढं एका कॉर्सेटच्या कंपनीला १५०० डॉलरला विकलं. एक बाई वैतागून उठली अन् शंभर वर्षांचा धंदा उभा केला, हे मला सांगायचं होतं. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा संपवला, अन् म्हणाले, "दोन दस्त्या ना? माह्यापाशी तीन हायेत. तिसरीचं काय करायचं थे सांग." ए बी सी डी ही अक्षरं कपांना १९३२ च्या सुमाराला अमेरिकेत लागली, हे मी मग सांगितलंच नाही. समृद्धी महामार्ग आपल्याकडून गेला, पण ती अक्षरं अजून तालुक्याच्या दुकानापर्यंत उतरलेली नाहीत.

आणि नवऱ्याला बाजारात सोबत नेऊच नका, नेलं तर गाडीवरून उतरू देऊ नका. कुठून तरी ह्यांना कळलं की मागं तीन हुकांची रुंद पट्टी असलेली घेतली तर आधार चांगला मिळते, जी गोष्ट खरी आहे. मी दुकानात, टिकल्या झाल्या, पिना झाल्या, बाजूचा माणूस गेला, मी आत्ता तोंड उघडणार, तेवढ्यात रस्त्यावरून, मोटरसायकलवर बसल्या बसल्या, भर बाजारात आवाज आला, "काय व, थ्री फेजचीच घेजो! सिंगल फेजवर लोड घेत नाही!" काउंटरवरचे भाऊ एकदम खुश झाले, इतका मोकळा आवाज त्या दुकानात कधी ऐकायला आला नसेल. म्हणाले, "ताई, मोटारीचं सामान बाजूच्या दुकानात मिळते, स्टार्टर पण मिळीन." मी टिकल्या घेऊन परत आली. रस्त्यानं मी बोलत नव्हती तर म्हणे, "काऊन, लाइन गेली का?"

ऑनलाइन मागवा म्हणतील लोक. मागवा. पार्सल घेऊन येणारा पोट्टा आपल्या पुतण्याच्या वर्गातला असते, घर सापडत नाही म्हणून तो पारावर बसलेल्या सासऱ्याला फोटो दाखवून विचारते.

वाळत घालायची पद्धत तर तुम्हाला माहीतच आहे. घरातल्या पुरुषांचे पट्ट्यापट्ट्यांचे जांघे रोडच्या बाजूच्या तारेवर, येणारी जाणारी एस्टी पाहून घेते. आपलं मागच्या बाजूनं, परकराच्या खाली, त्यावर टॉवेल, टॉवेलवर अजून सासूबाईंची नजर. उन्हात इलॅस्टिक लवकर मरते हे खरं, पण वारा तर लागू द्या, तोही लागत नाही. पावसाळ्यात दोन दोन दिवस ओलीच असते, तीच ओली घाला, मग गजकर्ण आलं की मेडिकलमधून ती मिक्स ट्यूब आणा जिच्यात स्टेरॉइड असते, चार दिवस छान वाटेल आणि नंतर दुप्पट पसरेल. डॉक्टरला जागा कुठली ते सांगायची लाज वाटते म्हणून "पाठीवर आहे" म्हणा. तो पाठीची गोळी देईल.

जुन्या झालेल्या फेकू नका, हा शेवटचा सल्ला, घरात विनोदी माणूस असेल तर त्याचा उपयोग होते. यंदा तुरीत रोही, म्हणजे नीलगाई, फार शिरले, तर ह्यांनी धुऱ्याच्या कडेला बुजगावणं उभं केलं. माझा जुना सलवार कुर्ता होता तो ठीक, पण कुर्त्याच्या वरून, वरून बरं का, माझी ती स्किन कलरची छत्तीस बी घातली अन् त्यात कुटार भरलं. मला कोणी सांगितलं नाही, मी वावरात गेली तेव्हा दिसलं. काय सांगू, काय फिटिंग बसली होती! बेल्ट जागेवर, पट्टे सरळ, कुठं खाच नाही कुठं सुरकुती नाही. मी म्हटलं, हे कसं काय बसलं हो? तर म्हणे, "सोपं हाये. जास्त झालं तं काढाचं, कमी झालं तं भराचं. तुले बी कंपनी तेच म्हनते ना."

रोही गेले का विचारलं तर ते काही गेले नाहीत, पण शेजारच्या वावरातले दोघंजण रोज सकाळी धुऱ्यावर येऊन उभे राहतात अन् तुरीची चौकशी करतात.

घरी मोठं भांडण होईल असं वाटलं. सासूबाईंना बातमी पारावरूनच कळली होती, दिवसभर तोंड बंद, भाकरी थापतानाही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मी मागं टॉवेलखालचे कपडे काढायला गेली तर हळूच जवळ आल्या, इकडं तिकडं पाहिलं अन् म्हणाल्या, "काय व सूनबाई, थे थ्री फेजची कितीले येते? माहा खांदा लय भरून येते."

मी काही बोलायच्या आत खिडकीतून ह्यांचा आवाज आला, "बुढीचं ७५ झालं, एस्टी फुकट हाये, तुले हाफ तिकीट. जा दोघी अमरावतीले, तिथं कडीवाली खोली भेटते. टेप त्या ड्रॉवरमधे हाये, खडूच्या खाली."