अकरा नंबरची बस

संपाची बातमी रात्री साडेदहाला आली आणि, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. वाटाघाटी फिसकटल्या होत्या. मध्यरात्रीपासून एकही बस डेपोबाहेर पडणार नव्हती. गेली बारा वर्षं मी ऑफिसात धापा टाकत शिरते आणि ‘बसच मिळाली नाही’ म्हणून सांगते. त्यातल्या निम्म्या वेळा बस मिळालेली असते, मीच उशिरा उठलेली असते. उद्या मात्र माझी सबब शंभर टक्के खरी असणार होती, वर पेपरात पहिल्या पानावर छापून येणार होती. गजर तासभर पुढे ढकलला आणि निर्धास्त झोपले.

सहा वाजताच फोन किणकिणला. ऑफिसच्या ग्रुपवर साहेब. ‘संप असला तरी सर्वांनी यायचे आहे. थोडा उशीर झाला तरी चालेल.’

आम्हीच चालणार होतो, तेव्हा उशीर चालायला हरकत नव्हती.

टॅक्सीच्या अ‍ॅपवर भाडं पाहिलं. रोजच्या तिप्पट. दोन मिनिटं विचार केला आणि पुन्हा पाहिलं, तर चौपट. विचार करायचेही पैसे पडत होते. नवरा पांघरुणातूनच म्हणाला, “अगं, रजा टाक ना.” रजा शिल्लक असत्या तर इतक्या वर्षांत सबबी कशाला लागल्या असत्या? शेवटी मुलाचे खेळाचे बूट घातले, एक नंबर मोठे होते म्हणून पुढे मोजे कोंबले आणि अकरा नंबरची बस धरली. ज्यांना हा नंबर कुठून सुटतो ते माहीत नाही, त्यांनी मान खाली घालून स्वतःच्या दोन पायांकडे पाहावं.

बुटांची लाज वाटत होती, पण त्यालाही थोर परंपरा आहे. न्यूयॉर्कमध्ये १९८०च्या एप्रिलमध्ये बस आणि भुयारी रेल्वे ११ दिवस बंद होती. (अकराच. योगायोग बघा.) तेव्हा तिथल्या नोकरदार बायका ऑफिसच्या कडक कपड्यांवर खेळाचे बूट घालून आणि टाचांचे बूट पिशवीत टाकून पूल ओलांडत होत्या. संप मिटला, बूट मात्र राहिले. महापौर एड कॉच ब्रुकलिन पुलावर उभे राहून चालणाऱ्यांना हुरूप देत होते म्हणे. मला हुरूप द्यायला एक कुत्रा तेवढा आला. दोन चौक सोबत केली, मग त्यालाही त्याचं काम आठवलं.

रस्ता बारा वर्षांच्या ओळखीचा, पण ती ओळख डुलक्यांची. पहिली डुलकी पुलापर्यंत, दुसरी सिग्नलपर्यंत. त्या दोन डुलक्यांच्या मध्ये एवढा मोठा चढ आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

डेपोच्या फाटकाशी संपकरी बसले होते. त्यांत आमचा रोजचा कंडक्टर. मला पाहून आधी ओशाळला, मग सवयीने ओरडला, “चला ताई, पुढे सरका! पुढे सगळं रिकामं आहे!”

मी थांबले (दम लागला होता, पण सहानुभूती म्हणून खपून गेलं). मागण्या विचारल्या. म्हणाला, “पगाराचं आहेच. पण ड्यूटी बघा ना. सकाळी गर्दीला चार तास, संध्याकाळी गर्दीला चार तास. मधले तास म्हणे तुमचे. घर लांब. त्या तासांचं करायचं काय? बाकावर बसून राहतो.” बारा वर्षं त्याच्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडले, हे कधी विचारलं नव्हतं. विषय बदलायला मी जपानची गोष्ट सांगितली. ओकायामा शहरात २०१८ मध्ये ड्रायव्हरांनी बस नेहमीसारख्या चालवल्या, फक्त भाडं घेतलं नाही. तो विचारात पडला. “म्हणजे आम्ही राबायचं, तुम्ही फुकट बसायचं. मग संपावर गेलं कोण?”

ऑफिसात शिरले तेव्हा घड्याळात नऊ पंचावन्न. बारा वर्षांत पहिल्यांदा मी वेळेआधी पोहोचले होते, आणि पाहायला साहेब नव्हते. सगळ्या शहराने गाड्या बाहेर काढल्यामुळे ते साडेअकरापर्यंत एकाच सिग्नलला अडकले होते. आल्यावर त्यांनी मस्टर पाहिलं, मला पाहिलं, बूट पाहिले. “किती वेळ लागला चालत?”

“दीड तास,” मी अभिमानाने म्हणाले.

“आणि बसने?”

“सव्वा तास,” म्हणाले, आणि जीभ चावली.

लंडनमध्ये २०१४च्या फेब्रुवारीत भुयारी रेल्वेचा दोन दिवसांचा संप झाला. अर्थतज्ज्ञांनी नंतर प्रवाशांच्या नोंदी तपासल्या, तर वीसातला साधारण एक जण जुन्या वाटेवर परतलाच नव्हता. संपापायी त्याला बरी वाट सापडली होती. माझ्या बाबतीत ती साहेबांना सापडली.

तिसऱ्या दिवशी संप मिटला. चौथ्या दिवशी मी वेळेवर उठले, वेळेवर थांब्यावर गेले आणि बस खरोखरच पाऊण तास आली नाही. ऑफिसात पोहोचले तेव्हा साहेब दारातच उभे. त्यांनी आधी माझ्या पायांतल्या चपलांकडे पाहिलं.

“साहेब, बस...” मी सुरुवात केली.

“बस!” साहेब म्हणाले.