थोरली पाती, धाकटी पाती

गावाचा इतिहास आपण लिहावा, अशी बुद्धी मला कोणत्या मुहूर्तावर झाली, याचा कागद मात्र उपलब्ध नाही. बाकी बहुतेक गोष्टींचे कागद आहेत आणि ते मोडीत आहेत. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिला एकामागून एक अक्षरे टांगत जाई. शब्द कुठे संपतो हे दाखवण्याची त्याला गरज वाटत नसे, कारण वाचणाराही आपल्यासारखाच मुरलेला कारकून असणार, हे त्याने गृहीत धरलेले असे. मला त्याने गृहीत धरलेले नव्हते.

पहिल्याच महजरात, म्हणजे सभेपुढे झालेल्या निवाड्याच्या कागदात, ‘इसन्ने सितैन मया व अलफ’ एवढे लागले आणि त्यातली ‘मया’ पाहून हा काही जिव्हाळ्याचा पत्रव्यवहार असावा, असे टिपण मी मोठ्या उत्साहाने करून ठेवले. ही मया म्हणजे अरबीतले शंभर निघाले. दोन, साठ, शंभर आणि हजार मिळून सुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांत चालणाऱ्या कालगणनेतले वर्ष, 1162. त्यात इसवी सनासाठी 599 मिळवायचे की 600, हे महिन्यावरून ठरते, कारण ते वर्ष मृगाबरोबर सुरू होई. महिना वाळवीने खाल्ला होता.

जिव्हाळा तर त्या कागदात औषधालाही नव्हता. पाटीलकीच्या दोन पातींपैकी, म्हणजे वाटेकरी शाखांपैकी, थोरली कोणती, यावरून गोतापुढे, म्हणजे गावच्या वतनदारांच्या सभेपुढे, चाललेले ते भांडण होते आणि खाली पाटलांच्या नावांपुढे सहीऐवजी नांगराची निशाणी काढलेली होती. एका नांगराचा फाळ तर इतक्या त्वेषाने ओढलेला, की कागद तिथे फाटला होता. 1962 च्या कायद्याने पाटीलकी संपली, पण ही वार्ता दोन्ही घराण्यांच्या वंशजांपर्यंत अद्याप पोहोचलेली नसावी. माझ्या हाती महजर लागल्याचे कळताच थोरल्या पातीचे आबा सकाळी आणि धाकट्या पातीचे तात्या दुपारी येऊन बसू लागले. आपापल्या पातीला दोघेही थोरलीच म्हणत असल्यामुळे हे वाक्यदेखील मी त्यांना दाखवू शकत नाही.

“मास्तर, आमचं नाव आधी आलं पाहिजे,” असे दोघांनीही मला स्वतंत्रपणे बजावले. शेवटी दोन्ही घराण्यांची नावे एकाच ओळीत, अकारविल्हे छापली जातील, असा कागद मी लिहून दिला. त्यावर दोघांनी सह्या केल्या, चार शेजारी साक्षीला राहिले आणि गडबडीत महिना घालायचा राहून गेला.