झाकून नेणं आणि लपवणं एक नाही (चाळीसगावच्या दादांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

मागच्या रविवारी मी लिहिलं होतं की ट्रेकला किंवा शेतातल्या मुक्कामाला जाताना लायसन्सचं रिव्हॉल्व्हर (माझं .३२ बोअरचं आहे) अंगावर असं कसं न्यावं की ते कुणाच्या नजरेत येणार नाही. त्यावर चाळीसगावच्या एका दादांनी लिहिलंय, "पिस्तूल लपवून नेणाऱ्याच्या मनात आधीपासूनच पाप असतं. ज्याला भीती वाटते त्याने जंगलात येऊच नये. पाटणादेवीला हत्यार नेणं गुन्हा आहे हे तुम्हाला माहीत नाही का? आणि .३२ च्या गोळीने अस्वल मरत नाही, चिडतं. तुमच्यासारख्यांचं वाचून उद्या पोरं गावठी कट्टे घेऊन सातपुड्यात फिरतील."

दादा, दोन दिवस मी उत्तर दिलं नाही कारण पहिल्या दिवशी दिलं असतं तर ते छापण्यासारखं झालं नसतं. आठ वर्षं लिहितोय, टीका नवी नाही, चुका काढणारे वाचक मला आवडतात, पण तुम्ही चूक नाही काढली, तुम्ही माझ्या मनात काय आहे ते सांगितलं, आणि तेही मला एकदाही न भेटता. "पाप" हा शब्द आमच्याकडे असा रस्त्यावर टाकत नाहीत हो.

आधी जे तुमचं बरोबर आहे ते मान्य करतो म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. पोस्टच्या वर जो फोटो आहे तो पाटणादेवीचा आहे, धवलतीर्थाच्या वाटेवरचा, आणि पाटणादेवी गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या ३१ व्या कलमाप्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय कुठलंही हत्यार नेता येत नाही, लायसन्स असलं तरी नाही, लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांची किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याची लागते. त्या ट्रिपला माझ्याकडे रिव्हॉल्व्हर नव्हतं, घरी लोखंडी कपाटात होतं, फोटो फक्त चांगला आला म्हणून लावला. पण वाचणाऱ्याला ते कसं कळणार, फोटोखाली ओळ हवी होती. यावल अभयारण्य, शिरपूरकडचं अनेर डॅम अभयारण्य, सगळीकडे हाच नियम, आणि हे पोस्टच्या सुरुवातीलाच यायला पाहिजे होतं, माझ्याकडून ते शेवटून तिसऱ्या परिच्छेदात गेलं. चूक मान्य. पण होतं हो ते पोस्टमध्ये! तुम्ही तिथपर्यंत पोचलाच नाहीत.

आता तुमचं ते पहिलं वाक्य. लपवून नेणाऱ्याच्या मनात पाप.

तुम्ही कायद्याचं नाव घेतलंत म्हणून कायद्यापासूनच सुरू करतो. २०१६ चे आर्म्स रूल्स उघडून बघा. त्यात सार्वजनिक जागी हत्यार कसं न्यायचं ते लिहिलंय, हँडगन म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हर असेल तर अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये (हत्याराच्या खोळीत) किंवा पिशवीत, आणि ते पूर्ण झाकलेलं पाहिजे, आणि आपल्या ताब्यात पाहिजे. पूर्ण झाकलेलं. बाहेर काढून मिरवायला बंदी आहे. म्हणजे मी जे "दिसू नये असं" म्हणून लिहिलं ती माझ्या डोक्यातली आयडिया नाही, ती लायसन्सवाल्याची जबाबदारीच आहे. कंबरेला उघडं लटकवून बाजारात फिरणारा माणूस तुम्हाला सरळमार्गी वाटतो का? मला तर तो नियम मोडणारा वाटतो. लग्नात हवेत बार काढणारे सगळे उघडच काढतात, लपवून कुणी काढत नाही, आणि त्यांच्यासाठी २०१९ मध्ये कायद्यात वेगळी शिक्षा टाकावी लागली, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमच्या हिशोबाने त्यांचं मन साफ म्हणायचं का?

आणि हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या वडिलांकडे बारा बोअरची बंदूक होती, पीक संरक्षणाच्या लायसन्सवर, मक्यात रानडुकरं शिरायची तेव्हा. ते बंदूक गोणपाटात गुंडाळून सायकलच्या नळीला बांधून शेतात न्यायचे. गावातून जाताना कुणी विचारलं काय आहे तर म्हणायचे पाइप आहे. मी लहान होतो, मला वाटायचं मित्रांनी बघावी आपली बंदूक, एकदा मी गोणपाट सोडायला लागलो तर हातावर फटका बसला आणि म्हणाले, "हत्यार दखाडानी चीज नही शे, पोरा." बस एवढंच, पुढे काही समजावलं नाही. इलेक्शन आलं की सगळ्यात आधी ठाण्यात जमा करून पावती घेऊन येणारा तो माणूस होता. त्या माणसाच्या मनात पाप होतं असं मला कुणी सांगावं आणि मी ऐकून घ्यावं? तुम्ही माझ्याबद्दल बोललात, पण ही सवय मला जिथून आली तिथपर्यंत ते वाक्य जातं, म्हणून एवढं लागलं.

दुसरी गोष्ट २०११ च्या डिसेंबरातली. आम्ही नऊ जण नंदुरबारकडच्या अक्राणी भागात गेलो होतो, त्यात एकजण मित्राचा मित्र, नवं नवं लायसन्स, टी-शर्ट खोचलेला आणि बेल्टवर रिव्हॉल्व्हर उघडं. मी गाडीतच म्हटलं होतं वर शर्ट घाल, त्याने ऐकलं नाही. दुपारी रस्त्यालगतच्या एका पाड्यावर पाणी मागायला थांबलो. अंगणात पोरं खेळत होती, ती एकदम गप्प झाली. बाया आत गेल्या. एक म्हातारे बाबा होते, त्यांनी पाणी दिलं, पण हंडा ठेवून लांब उभे राहिले आणि विचारलं, कोणाला धरायला आलात. दादा, नऊ जणांपैकी एकालाही त्यावर काय बोलावं सुचलं नाही. त्या लोकांनी हत्यारवाली माणसं म्हणजे एकतर पोलीस बघितलीत नाहीतर चोरून शिकार करणारी, तिसरा प्रकार त्यांच्या अनुभवात नाहीच, मग ती घाबरतील नाही तर काय. आम्ही पाणी पिऊन निघालो, कुणी बसा सुद्धा म्हणालं नाही, आणि अक्राणीत पाहुण्याला बसा न म्हणणं म्हणजे काय हे जे तिकडे फिरलेत त्यांना कळेल.

पुढच्या वर्षी त्याच पाड्यावर मी एका मित्राबरोबर गेलो. रिव्हॉल्व्हर माझ्याकडे होतं, साध्या काळ्या कंबरेच्या पाऊचमध्ये, वरून ढगळ शर्ट. त्याच बाबांनी खाट टाकली, मक्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला, दोन तास बसलो. कुणी घाबरलं नाही, कुणाच्या पोराचा खेळ थांबला नाही. मी त्यांना फसवलं असं तुम्ही म्हणाल, म्हणा. मी म्हणतो की मी माझं ओझं त्यांच्या अंगणात उतरवलं नाही.

आणि ते "झाकून नेणं" म्हणजे काय ते तुम्ही वाचलं असतं तर कळलं असतं की त्यातला निम्मा भाग लपवण्याबद्दल नाहीच, सेफ्टीबद्दल आहे. सॅकचा कंबरपट्टा बरोबर तिथेच बसतो जिथे होल्स्टर असतो, मग माणूस चालताना सारखा तिथे हात नेतो, घासतंय म्हणून सरकवतो, आणि असं चाचपणं हेच सगळ्यात धोक्याचं, आणि सगळ्यात जास्त नजरेत येणारंही. म्हणून मी छातीवरच्या किंवा पोटावरच्या पाऊचबद्दल लिहिलं, की सॅक काढली-घातली तरी त्याला हात लागत नाही. पाऊच फौजी रंगाचा, पट्ट्यापट्ट्यांचा घेऊ नका हेही लिहिलं, तो बघूनच लोक विचारतात आत काय आहे. पाऊचच्या आत ट्रिगर पूर्ण झाकणारा कडक होल्स्टर हवाच, नुसतं चिल्लर आणि किल्ल्यांच्या कप्प्यात टाकून चालायचं नाही, एखादी किल्ली ट्रिगरच्या कडीत शिरली की संपलं. सॅकच्या तळाशी कपड्यात गुंडाळून ठेवणारे असतात, ते मला अजिबात पटत नाही, कारण सॅक झाडाखाली टेकवून माणूस ओढ्यावर पाणी भरायला जातो, आणि मग हत्यार कुणाच्या ताब्यात? त्या वेळी ते झाडाच्या ताब्यात असतं. आणि खडकावर हात वर करून चढताना शर्ट वर जातो म्हणून दोन बोटं लांब शर्ट घ्या, एवढी साधी गोष्ट आहे ती.

आपल्याकडचा घाम हा वेगळाच विषय आहे. मे महिन्यात जळगाव ४५ डिग्रीला जातं, पोटाजवळचा पाऊच दुपारपर्यंत भिजतो, आणि काळ्या पॉलिशच्या रिव्हॉल्व्हरवर एका ट्रिपमध्ये तांबडे ठिपके येतात. माझ्या कानपूरच्या .३२ रिव्हॉल्व्हरवर आले होते, अजून आहेत. घरी आल्यावर त्याच रात्री पुसून तेलाचा हात फिरवायचा, दुसऱ्या दिवशी नाही. या एका गोष्टीवर तिघांनी मेसेज करून धन्यवाद दिले, पण तुम्हाला त्यातही पाप दिसलं असेल.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. भीती वाटते त्याने जंगलात येऊ नये, हे वाक्य बोलायला छान आहे. मी रावेरच्या बाजूला केळीच्या व्यवहारात आयुष्य काढलंय, २००८ मध्ये रात्री रोकड घेऊन येताना रस्त्यात चौघांनी अडवून लुटलं, तक्रारीचं पुढे काय झालं ते सोडा, त्यानंतर अर्ज केला आणि पडताळणी होऊन लायसन्स हातात यायला दीड वर्ष लागलं. मला भीती वाटते, हो. जनावराची नाही, माणसाची. २०१७ साली तुमच्याच चाळीसगाव तालुक्यात तो नरभक्षक बिबट्या होता तेव्हा गिरणाकाठची माणसं कापूस वेचायला जायला घाबरत होती, त्यांना पण सांगणार का तुम्ही की भीती वाटते तर शेतात येऊ नका?

अस्वलाचं म्हणाल तर .३२ अस्वलासाठी आहे असं मी कुठे लिहिलंय ते दाखवा. नाही लिहिलं. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना जनावर मेलं तर कायदा सूट देतो, पण तुम्ही त्या वेळी स्वतःच त्या कायद्याचा नियम मोडत असाल तर ती सूट नाही, म्हणजे अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरलेल्याला तर नाहीच. हे मला माहीत आहे. अस्वलासाठी काठी, टॉर्च आणि मोठ्याने बोलत चालणं, एवढंच.

गावठी कट्ट्यांचं तर मनालाच लागलं. सातपुड्याच्या पलीकडून येणारे कट्टे आमच्या भागातल्या किती घरांना लागले हे चोपडा-शिरपूरच्या माणसाला बाहेरच्याने सांगायची गरज नाही. कट्टा घेणारा पोरगा होल्स्टरवरचा लेख वाचून घेत नाही. माझ्या पोस्टमध्ये पहिलं वाक्य "लायसन्स असेल तरच पुढे वाचा" हे आहे, आणि लायसन्सवर महाराष्ट्रापुरतंच लिहिलं असेल तर सातपुड्यात चालताना हद्दीची पाटी नसते, मध्य प्रदेशात चार पावलं पडली तरी तुम्ही गुन्हेगार, हे सुद्धा लिहिलंय. याहून जास्त काय लिहायला पाहिजे होतं? सातपुड्यातल्या अस्तंबा डोंगराच्या यात्रेला दिवाळीत हजारो माणसं रात्री चढतात, तिथे मी कधीही नेलं नाही आणि कुणी नेऊ नये, हेही आहे. गर्दीत धक्काबुक्की होते, तिथे झाकलेलं असो की उघडं, हत्यार नकोच.

एक गोष्ट मात्र तुम्ही विचारली नाहीत आणि विचारायला पाहिजे होती, म्हणून सांगतो. आमच्या शेतात थंडीत भरीत पार्टी होते, कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजतात, कळण्याची भाकरी, पंधरा-वीस माणसं, पोरंबाळं मुक्कामाला. अशा रात्री रिव्हॉल्व्हर उशाखाली ठेवायचं नाही, अंधारात झोपेत हात कुठे जातो ते माणसाला कळत नाही. मी ते रिकामं करून कुलपाच्या पेटीत ठेवतो, काडतुसं वेगळी, किल्ली माझ्या गळ्यात. आणि दारूचा थेंब असेल त्या कॅम्पला ते घरून निघतच नाही. बाजूच्या माणसाला माहीत असावं का, हा खरा अवघड प्रश्न आहे. मी एकाला सांगतो, फक्त एकाला, कारण उद्या मला चक्कर आली, साप चावला, तर ते पाऊच कुणी उघडायचं आणि कुणी उघडायचं नाही हे कुणाला तरी माहीत पाहिजे. पोस्टमध्ये हे राहून गेलं. तुमच्या प्रतिक्रियेत याबद्दल एक ओळ असती तर मी तुम्हाला फोन करून आभार मानले असते.

पाटणादेवीच्या फोटोखालची ओळ आज रात्री टाकतो, अभयारण्यांचा परिच्छेद वर घेतो. तुमची प्रतिक्रिया काढणार नाही, आहे तशी राहील, "पाप" या शब्दासकट.