दत्ताच्या पोरीचा लॅपटॉप आन् सरांचा ट्रे

दत्ताच्या पोरीचा नंबर नांदेडला लागला, पेढे सगळ्यांनीच खाल्लेत, त्यामुळं ते परत सांगत बसत नाही. परवा संध्याकाळी वसमत रोडच्या टपरीवर दत्ता आला तोच तोंड पाडून. म्हणे चार दुकानं फिरलो, एका बी लॅपटॉपला सीडीचा ट्रे नाही, दुकानदार म्हणतो आता येतच नाही म्हणून, आन् इकडं सर म्हणायलेत ट्रे नसला तर घेऊच नको.

सर म्हणजे कट्ट्याचे सर. कधीकाळी कॉम्प्युटरचा क्लास काढला होता, क्लास बंद पडून जमाना झाला पण 'सर' काही सुटलं नाही. चहा बशीत ओतून पितात आन् प्रत्येक वाक्य एकाच ठिकाणाहून सुरू करतात.

"बेसिक क्लिअर पाहिजे," सर म्हणाले. "डीव्हीडी रायटर नसलेला लॅपटॉप म्हणजे डिकी नसलेली गाडी. उद्या विंडोज उडाली तर टाकणार कशी?"

फारूकभाई रिपेअरिंगवाला. मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "सर, विंडोज ११ ची फाईल ५ जीबीच्या पुढं जाते. साध्या डीव्हीडीत मावतं ४.७. सव्वा डीव्हीडी कशी बनवायची तेवढं शिकवा, फी भरतो."

मुन्नाच्या नाकातून चहा आला.

सर ऐकणारे थोडेच. म्हणे कंपन्या पैसे वाचवायलेत, गिऱ्हाइकाला उल्लू बनवायलेत. फारूकभाईनं मग मोबाईल खाली ठेवला. "पैसे वाचवतेत हे बी खरंय. पण तो ट्रे १२.७ मिलिमीटर जाड असायचा, पुढं बारीक झाला तरी ९.५. तेवढ्या जागेत आता बॅटरी बसती. पोरगी हॉस्टेलला राहणार, लाइट गेल्यावर तिला बॅटरी लागल का ट्रे? मी मायला किती जणांचे ट्रे काढून तिथं कॅडी म्हणजे त्याच मापाची चौकट टाकून डेटा ठेवायची फास्ट एसएसडी बसवून दिली, एकजण बी माझा ट्रे कुठंय म्हणून परत आला नाही. २००८ ला स्टीव्ह जॉब्सनं कागदाच्या पाकिटातून लॅपटॉप काढून दाखवला, त्याला तरी कुठं ट्रे होता?"

"ते अमेरिकेत," सर म्हणाले.

"जगात जर्मनी, भारतात परभणी," मुन्ना म्हणाला, "अमेरिका कुठून आली मधीच?"

पण सरांचा एक मुद्दा बिनतोड होता, ते बी सांगायला पाहिजे. म्हणाले, "पेनड्राइव्ह एकदा झेरॉक्सच्या दुकानात लावा, घरी येस्तोवर सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले असतेत. एकदा राइट केलेल्या सीडीला व्हायरस चिटकतो का? सीडीवरचा डेटा सुरक्षित असतो, कुठं जात नाही." फारूकभाई बी गप. फक्त एवढंच पुटपुटला की घरी राइट केलेल्या सीडीत डेटा रंगाच्या थरात असतो, परभणीच्या ४४ डिग्रीत पत्र्याखाली ठेवून बघा किती सुरक्षित राहतो ते.

मग मी आपलं दुःख काढलं. गेल्या साली आईच्या मणक्याचा एमआरआय संभाजीनगरला काढला, त्यांनी फिल्मसोबत सीडी दिली. इथं डॉक्टरला दाखवायला गेलो तर त्यांच्याच कॉम्प्युटरला ट्रे नाही. भर उन्हात दोन तास सीडी घेऊन फिरलो, शेवटी एका फोटो स्टुडिओत जुना डबा सापडला, त्यानं कुणाच्या तरी हळदीचा अल्बम मिनिमाइज केला आन् आईचा मणका उघडला.

"म्हणून काय पोरीनं चार वर्षं ट्रे वागवत फिरायचं?" फारूकभाई म्हणाला. "यूएसबीला लावायचा बाहेरचा ट्रे येतो, दीड-दोन हजारात. वेगळी पिनबिन लागत नाही. कट्ट्यात वर्गणी काढू, एकच घेऊन ठेवू, ज्याला लागल त्यानं न्यायचा."

झालं, लॅपटॉप राहिला बाजूला आन् ट्रे कुणाच्या घरी ठेवायचा यावरून सुरू झालं. दत्ता म्हणाला कुणाकडं बी ठेवा, मुन्नाकडं नाही. कारण दत्ताच्या लग्नाच्या डीव्हीडीचा पार्ट २ मुन्नानं नेला तो १४ वर्षं झाली तरी आलाच नाही. "बायको आजबी काढती. तिच्या मामाचं शूटिंग त्यातच होतं, मामा तर गेले."

"दुसऱ्याच दिवशी सरांकडं आणून दिली होती, आईशप्पथ," मुन्ना म्हणाला. हे तो १४ वर्षं म्हणायलाय आन् आम्ही १४ वर्षं हसायलोत.

तेवढ्यात सर तावातावानं उठले. घर मागच्याच गल्लीत. बाजाराच्या पिशवीत २०१० चा लॅपटॉप घेऊन आले, वीट परवडली असा. "हा बघा ट्रे. अजून ओके आहे." बटण दाबलं. काहीच नाही. बॅटरी कधीच मेलेली.

"पिन द्या," फारूकभाई म्हणाला. टपरीवरच्या मावशींनी बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली. बटणाशेजारी सुईच्या टोकाएवढं भोक असतं, लाइट नसली तरी आतला खटका त्यानं सुटतो. त्यानं बोटानं चाचपून पिन सरळ आत घातली. खट्. ट्रे अर्धा इंच पुढं आला, बाकीचा हातानं ओढला.

आत एक डिस्क होती. वर धूळ, आन् स्केचपेननं लिहिलेलं : 'दत्ता-सुनीता, पार्ट २'.

मुन्ना उठून उभाच राहिला. बोलला काहीच नाही, नुसता सरांकडं बघत. सरांनी बशीतला चहा शांतपणे संपवला.

"बघा," म्हणाले, "म्हणलं नव्हतं का, सीडीवरचा डेटा कुठं जात नाही."